पन्हाळ्यावर उभं राहून हिमालयाचा विचार

रविवारी पहाटे भाच्याला मागं बसवलं आणि बाईक काढली, कोल्हापूरहून पन्हाळा वीसेक किलोमीटर, वाघबीळ येईस्तोवर उजाडलं. मागच्या वर्षी मी स्पितीला लांग्झा गावात गेलो होतो तेव्हापासून डोक्यात एकच विषय, तिथं चौदा हजार फुटांवर दगडात शंखासारखी गुंडाळी दिसते, समुद्रातल्या जिवाची. आज हिमालय आहे तिथं पूर्वी टेथिस समुद्र होता, भारताची प्लेट, म्हणजे ज्या अवाढव्य खडकाच्या तुकड्यावर आपला देश बसलाय तो, ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन धडकली आणि तळाचा गाळ चुरगळून, घड्या पडून वर आला.

सज्जाकोठीवरनं जोतिबाचा डोंगर दिसला तसं भाचा म्हणाला, "मामा, मग आपला सह्याद्री पण धडकूनच झाला काय?" नाही रे बाबा. इथं घडी कुठंच नाही बघ, सगळे थर आडवे, पायऱ्या रचल्यागत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या खाली, हिंदी महासागरात आज रीयुनियन बेट आहे त्याच्या आसपास होता तेव्हा जमिनीतनं लाव्हा आला, थरावर थर साचले, तेव्हा हिमालयाचा पत्ताच नव्हता! त्याच सुमाराला सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला, आणि त्या तुटलेल्या काठाची पावसापाण्यानं झीज होत होत मागं सरकलेली कडा म्हणजे आपला सह्याद्री. मला तर हे हिमालयापेक्षा भारी वाटतं, पण शाळेत दोन्हीला नुसतं 'पर्वत' म्हणून सोडून देतात.

आणि प्लेट अजून थांबलेली नाही, वर्षाला ४-५ सेंटीमीटर उत्तरेकडं सरकतीय, म्हणून तर हिमालय अजून उंच होतोय आणि नेपाळला २०१५ सारखे भूकंप होतात. राजदिंडीपाशी बसून हिशोब केला, महाराज १६६० ला वेढ्यातनं निसटले त्या रात्रीपासून हा अख्खा गड, बुरूज तटबंदीसकट, १५ ते १८ मीटर सरकलाय. भाचा लगेच उठून पावलं मोजत वाटेनं गेला, वीस-बावीस पावलं भरली, तिथनं वळून बघत बराच वेळ गप उभा होता.

झुणका-भाकर, दही, खर्डा झाला. माथ्यावरचा जांभा भोकाभोकाचा, खाली उतरताना मात्र काळा कातळ. घाटात एका वळणावर गाडी थांबवली, काळ्या दोन थरांच्या मधी वीतभर तांबडी पट्टी होती, खालचा लाव्हा थंड होऊन त्याची माती झाली, मग वरचा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. भाच्यानं बोटानं खरवडलं तर वीटेच्या भुकटीसारखं तांबडं हाताला लागलं, घरी जाईपर्यंत त्यानं ते बोट पुसलं नाही.