लिंकन जयंतीची सुट्टी

आज १२ फेब्रुवारी, अब्राहम लिंकन यांची जयंती. इलिनॉय राज्यात या दिवशी सरकारी सुट्टी असते. देशभर मात्र ती नसते, त्यामुळे राज्याची कार्यालये बंद असूनही केंद्र सरकारचे टपाल नेहमीप्रमाणे घरी आले.

मुलीच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्ही स्प्रिंगफील्डच्या ओक रिज दफनभूमीत गेलो. समाधीबाहेरच्या लिंकन यांच्या कांस्यशिल्पाचे नाक, येणारेजाणारे ते शुभ मानून चोळत असल्यामुळे, लखलखीत झाले आहे. (आमच्या मुलीला त्यासाठी उचलून धरावे लागले.) १४ एप्रिल १८६५ रोजी फोर्ड नाट्यगृहात त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले, पुढे १८७६ मध्ये खंडणीसाठी त्यांचा मृतदेहच पळवण्याचा प्रयत्न झाला, आणि अखेर १९०१ मध्ये शवपेटी जमिनीखाली १० फुटांवर काँक्रीटमध्ये पुरण्यात आली.

आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर झळकणारे, मुख्याध्यापकांना लिहिलेले ते प्रसिद्ध पत्र लिंकन यांचेच असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्याऐवजी त्यांचे १८६३ चे गेटिसबर्गचे भाषण लावावे, असे मला वाटते. ते इतके छोटे आहे की एका तक्त्यावर सहज मावेल.