कार्मेनेर: हिरवा वास जाईपर्यंत थांबायचं, पण किती?

२४ नोव्हेंबर १९९४. चिलीच्या माइपो खोऱ्यात, कार्मेन वायनरीच्या मळ्यात, फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको यांना ‘मेर्लो’ या वाइनच्या द्राक्षजातीच्या म्हणून लावलेल्या वेलींच्या फुलांतले पुंकेसर पिळवटलेले दिसले. ही मेर्लो नव्हे, कार्मेनेर ही दुसरीच जात! फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्समधल्या बोर्दोच्या बागा संपवल्यावर ही जात तिथं पुन्हा फारशी कुणी लावली नाही, कारण फुलगळ फार. चिलीत मात्र कलमं त्याआधीच पोचली होती. ओळखायची तर कोवळं पान उलटं करा: मेर्लोची पाठ पांढुरकी, हिची तांबूस.

हिची काढणी मेर्लोनंतर ३-४ आठवड्यांनी. मेर्लोबरोबरच तोडली की वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो. तो पायराझिन या द्राक्षातल्याच वासद्रव्याचा. घडांभोवतीची पानं फळधारणेनंतर लगेच, सकाळच्या उन्हाच्या बाजूनं काढली तर तो कमी साठतो. मण्यात पाणी उतरल्यावर पानं काढून फारसा उपयोग नाही.

नॅचरल वाइनची, म्हणजे बाहेरचं यीस्ट न घालता आणि जवळजवळ काही न मिसळता केलेल्या वाइनची, खरी अडचण इथून पुढे. वास जाईपर्यंत थांबलं की आम्लता घसरते, पीएच ३.८ वर जातो. पीएच ३.४ ला जे काम लिटरमागे ३२ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकवणारं, जिवाणू रोखणारं द्रव्य) करतं, त्याला ३.८ ला जवळजवळ ७९ लागतात. फ्रान्सच्या ‘वँ मेतोद नात्यूर’ या नॅचरल वाइनच्या नियमात तर एकूण मर्यादाच ३० ची. म्हणजे सल्फरच्या भरवशावर राहताच येत नाही. सगळी मदार स्वच्छतेवर आणि वेगावर. म्हणून पीएच ३.६५च्या आसपास तोडणी करावी, थोडी हिरवी झाक राहिली तरी चालेल, असं माझं ठाम मत आहे.

५०० किलो द्राक्षं असतील तर ५-६ दिवस आधी २० किलो निरोगी घड तोडून, चुरून विरजण लावा. ते जोमानं फसफसत असेल आणि वास स्वच्छ असेल तरच बाकीच्या द्राक्षांत मिसळा. नेलपॉलिशसारखा वास आला तर फेकून द्या. देठ पूर्ण काढा, पायराझिन त्यांतही भरपूर असतं. चिलीत यासाठी कोलिग्वे बांबूची जाळी वापरतात, तिला सरांदा म्हणतात. घड तिच्यावर हातानं घोळवले की मणी खाली पडतात आणि देठ हातात राहतात.

आंबताना तापमान २४ ते २८ अंश. ३२ च्या वर यीस्ट थकतं, साखर उरते आणि तिच्यावर जिवाणू ताव मारून व्हिनेगरचं आम्ल करतात. वर आलेला सालींचा थर दिवसातून २-३ वेळा खाली दाबा, सुकू देऊ नका. घनता १.००० च्या (म्हणजे पाण्याच्या) खाली गेली की चोथा पिळा आणि पिंप काठोकाठ भरा.

बाटल्या भरण्याआधी एक चाचणी. पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून हुंगा. उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास आला तर भरणं थांबवा. हा दोष आम्ल वाइनमध्ये नाकाला कळत नाही, घोट गिळल्यावर लाळेशी मिसळून जाणवतो. पिंपात काही महिने राहिल्यावर तो कधीकधी ओसरतो.