श्रीवर्धनला मदत घेऊन जाताना : १२-१३ जून २०२०च्या फेरीचा वृत्तांत

येत्या शनिवारी, २० जूनला, आमच्या पुण्याच्या रोटरी क्लबच्या आणखी दोन गाड्या निसर्ग चक्रीवादळात सापडलेल्यांसाठी मदत घेऊन खाली कोकणात उतरणार आहेत. त्या मंडळींचे फोन सतत येताहेत, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

पुणे आणि रायगड रोटरीच्या एकाच डिस्ट्रिक्टमध्ये (क्लबांच्या विभागात), ३१३१ मध्ये येतात. त्यामुळे ३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आदळलं, तेव्हा तिकडचे सभासद आम्हाला परके नव्हते. कॉन्फरन्सला आमच्या शेजारी बसलेली, जाताना सुपारीची पुडी हातात देणारी माणसं ती. चार दिवस त्यांच्यापैकी एकाचाही फोन लागला नाही.

शुक्रवारी पहाटे साडेचारला निघालो. एक मोटार, एक छोटा हत्ती (लहान टेम्पो), आम्ही पाच जण. सध्या, जून २०२०च्या कोरोना टाळेबंदीत, जिल्हा ओलांडायला ई-पास (ऑनलाइन काढायचा प्रवास परवाना) लागतो. तो गाडीच्या नंबरासह आधी काढा आणि कागदावर छापून घ्या, कारण माणगावच्या पुढे फोनवर तो उघडेल याचा भरवसा नाही. डिझेल माणगावलाच भरा, रोख रक्कमही पुण्याहूनच न्या. पुढे वीज नाही, त्यामुळे एटीएम बंद आहेत. ताम्हिणीत पाऊस लागला आहे, रस्ता मात्र सुरू आहे. मोर्बा, साई, म्हसळा या वाटेवर पडलेली झाडं कापून एका गाडीपुरती जागा केली आहे. विजेच्या तारा अजून जागोजागी लोंबताहेत. अंधारात गाडी चालवू नका. दुपारी चारच्या आत मुक्कामी पोचायचं, हे घरूनच ठरवून निघा.

म्हसळा सोडलं आणि गाडीतलं बोलणं थांबलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता, हे आम्ही बातम्यांत वाचलं होतं. तो आकडा म्हणजे काय, ते नारळी-पोफळीच्या वाड्या (बागा) पाहिल्यावर कळलं. माड बरेच उभे आहेत, शेंडे पिळवटलेले. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मात्र कमरेत मोडल्या आहेत. पोफळीचं खोड मनगटाहून थोडंसंच जाड आणि उंची चाळीस-पन्नास फूट, त्यात लागवड दाट. एक पडली की शेजारच्या दोघींना घेऊनच पडते. त्यांच्यावर चढवलेले मिरीचे वेल आणि खालची जायफळंही गेली. नवीन पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं आणि पुरतं पीक यायला दहा. ज्यांचं वय आज पासष्ट आहे त्यांच्याशी बोलताना हे लक्षात असू द्या. ‘पुन्हा उभं राहाल’ हे वाक्य आमच्यातल्या एकाने पहिल्याच घरी उच्चारलं, आणि समोरचे आजोबा काही न बोलता आत निघून गेले.

आमचे तिथले सभासद, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, वेशीवरच उभे होते. हातात शाळेची दोनशेपानी वही. वादळाच्या दुसऱ्या दिवसापासून पायी फिरून त्यांनी १४३ घरांची यादी केली होती: कौलं किती गेली, पत्रे किती, घरात म्हातारं कोण, बाळंतीण कोण. आम्ही त्या वहीप्रमाणे सामान उतरवायला लागलो. तीन तासांनी सहज त्यांच्या घरी गेलो, तर पडवी नाही, माजघरावर आकाश. वहीत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “आधी वारा समुद्राकडून नव्हता, उलटा होता. मग जरा थांबला, आम्ही बाहेर आलो. तेवढ्यात समुद्राकडून फिरला नि छप्पर उचलूनच नेलं.” आगोटीचं (पावसाळ्याआधी भरून ठेवलेलं) सगळं, वर्षाचे तांदूळ, मीठ, मिरची, त्या एका तासात भिजलं होतं.

मला या फेरीत सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. आपण तिथल्या सभासदाला फोन करून ‘यादी पाठवा, गोडाऊन बघा, माणसं लावा’ असं सांगतो. तोही वादळात सापडलेला माणूस आहे, आणि तो मागणार नाही. म्हणून पहिली ताडपत्री त्याच्या घरावर घाला, मग वही उघडा. आमच्यातले दोघे रात्री तिथेच राहिले आणि शनिवारचं वाटप त्यांनी सांभाळलं. भाऊ दहा दिवसांत पहिल्यांदा सकाळी सात वाजेपर्यंत झोपले. प्रत्येक गाडीबरोबर असे दोन जण राहायच्या तयारीने न्या. आणि कृपा करून त्यांच्याकडे जेवू नका. ती माणसं शेवटच्या सिलिंडरवर तुमच्यासाठी वरणभात टाकतील, नाही म्हणता येणार नाही. सगळ्यांचे डबे बरोबर ठेवा, त्यांच्यासकट.

सामानाबद्दल. आम्ही सहा पोती जुने कपडे नेले होते, ती चूक होती. कोरडी जागा नाही तिथे कपड्यांचा नुसता ओला ढीग होतो. पीठही नको, दमट हवेत आठवड्यात जाळं धरतं. तांदूळ, डाळ, तेल, चहा-साखर, दुधाची पावडर घ्या. ताडपत्री जाड घ्या, पंधरा बाय अठरा फुटांपेक्षा लहान नको, आणि तिच्याबरोबर नायलॉनची दोरी हवीच. पत्र्यांसाठी जे-हुक, वायसर आणि खिळे इथूनच न्या. तिकडच्या दुकानांतले संपले आहेत.

सगळ्यात जास्त मागणी कशाला होती सांगू? पोहऱ्याला, विहिरीतून पाणी शेंदायच्या भांड्याला. घरोघर विहीर आहे, पाणी आहे, पण रहाट काढून पंप बसवल्याला वीस वर्षं झाली. वीज गेली आणि दहा हातांवरचं पाणी काढता येईना. आमच्याकडे चारच पोहरे होते. तुम्ही पन्नास न्या, प्रत्येकाबरोबर चाळीस फूट दोर. एखादा जनरेटर मिळाला तर उत्तम: त्यावर पाळीपाळीने टाक्या भरून देता येतात आणि फोन चार्ज होतात. बरोबर डॉक्टर असतील तर धनुर्वाताची इंजेक्शनं बर्फाच्या पेटीत ठेवून न्या. पत्रे आणि खिळे लागून जवळपास प्रत्येक घरात एक पाय बांधलेला आहे.

शहरातून आलेल्यांची कोरोनामुळे गावाला धास्ती आहे, आणि ती रास्त आहे. मास्क काढू नका, सामान देवळाजवळ किंवा शाळेत उतरवा, पाखाडीपाखाडीत (वस्तीवस्तीत) गावच्या मुलांना नेऊ द्या. फोटोसाठी कुणाला रांगेत उभं करू नका.

फोटो काढायचे ते मोडलेल्या झाडांचे. सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले आहेत, पण पंचनामा व्हायच्या आत लोक वाडी साफ करायला लागले आहेत, कारण वाट तरी हवी. आमच्या वकील सभासदाने भाऊंच्या ओट्यावर टेबल टाकलं आणि दोन दिवस तेच काम केलं: बुंधे मोजायचे, तारीख दिसेल असे फोटो काढायचे, तलाठ्याकडे द्यायचा अर्ज लिहायचा. खरी अडचण सामाईक सातबाऱ्याची आहे. एकेका वाडीवर अकरा-अकरा नावं, त्यातली आठ मुंबईत, दोन वारलेली. बाकीच्यांची संमतीपत्रं आल्याशिवाय पैसे अडकतात. म्हणून आम्ही मुंबईतल्या वारसांचे फोन नंबर लिहून आणले आहेत, त्यांच्याकडे सह्यांसाठी जायला तिथल्या क्लबांना विनंती केली आहे. तुमच्यातही वकील किंवा सीए असतील तर त्यांना पोती उचलायला लावू नका, टेबलावर बसवा. कोरे कागद, कार्बन, स्टॅम्प पॅड लागेल.

सुपारीची रोपं द्यायची इच्छा पुष्कळांनी दाखवली. आत्ता नको. खोडं हलवायला लाकूड कापायची यंत्रं आणि चालवणारी माणसं हवीत, त्यानंतर केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) लावायचे, कारण सावलीशिवाय पोफळीचं रोप जगत नाही. रोपांचे पैसे बाजूला ठेवा, भाऊ सांगतील तेव्हा पाठवू.

भाऊंच्या छपराला अठ्ठावीस पत्रे लागतील. ते शनिवारच्या टेम्पोत सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे आधी उतरतील. शुक्रवारी संध्याकाळी सात ते साडेसात या वेळात त्यांना फोन करा. गावात सिग्नल नाही, त्या अर्ध्या तासासाठी ते म्हसळ्याच्या रस्त्यावरच्या वरच्या वळणापर्यंत चालत येऊन थांबतात.