६० सेंटिमीटरची टाकी: खरे लिटर किती?

मंडळी, फोंड्याच्या माशांच्या टाकीची पुढची नोंद. वाळू पसरून झाली, जांभ्याचे दगड बसले, रोटाला या पाणवनस्पतीने मूळ धरलंय. आता खताचं गणित, आणि ते सगळं एकाच आकड्यावर अडतं: आत पाणी नेमकं किती?

दुकानात ही टाकी ६५ लिटरची म्हणून मिळते. बाहेरची मापं ६० × ३० × ३६, म्हणजे ६४,८०० घनसेंटिमीटर. तेवढेच मिलिलिटर, हजाराने भागले की ६४.८ लिटर. पण काच ५ मिलिमीटरची. आतून ५९ × २९ × ३५.५ धरले तर ६०.७च भरतात. वर ३ सेंटिमीटर मोकळे ठेवतो, तिथे आणखी ५.१ गेले.

खरी गंमत वाळू-दगडांची. ५ सेंटिमीटरचा थर साडेआठ लिटर जागा अडवतो, पण कणांमधल्या फटींत पाणी असतंच, त्यामुळे ते सगळे वजा करायचे नाहीत. जांभा तर त्याहून लबाड! कोरडा बुडवला की बुडबुडे सोडत पाणी पीत राहतो आणि माप हलतं. म्हणून दगड रात्रभर भिजवले, काठोकाठ भरलेल्या बादलीत अलगद सोडले, आणि सांडलेलं पाणी खालच्या परातीत धरून काट्यावर ठेवलं. एक किलो म्हणजे एक लिटर. (१९०१ साली लिटरची व्याख्याच एक किलो पाण्यावरून ठरली होती, १९६४ मध्ये ती सोडून सरळ घनडेसिमीटर धरला. आपल्याकडच्या ३० अंशांत लिटरमागे ४ ग्रॅम कमी भरतात, त्याची माशांना फिकीर नाही.)

तरी वाळूचा हिशेब अंदाजाचाच. शेवटी वजन केलेल्या बादल्यांनीच टाकी भरली: ४८ लिटर. दुकानी ६५ धरून खत घातलं असतं, तर प्रत्येक डोस ३५ टक्के जास्त पडला असता. शेवाळाला पर्वणीच.

खताच्या द्रावणासाठी घरातली वाइनची रिकामी बाटली घेतली. तिच्यावर ७५ सीएल लिहिलेलं असतं. एक सेंटिलिटर म्हणजे १० मिली, म्हणून ७५० मिली. पण ते काठापर्यंतचं नव्हे. ७५० ग्रॅम पाणी ओतून, जिथे आलं तिथे मार्करने रेघ मारली. १५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग रेघेपर्यंत भरलं. दर मिलीत २० मिलिग्रॅम क्षार, त्यातलं नायट्रेट सुमारे १२.३. एका वेळी ५ मिली घातले की ४८ लिटरमध्ये लिटरमागे १.३ मिलिग्रॅम वाढ.

आठवड्याला पाव पाणी बदलतो, म्हणजे १२ लिटर. ओपाच्या पाणीप्रकल्पातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. क्लोरीन घालवायच्या माझ्या औषधाच्या बाटलीवर १०० लिटरला ५ मिली सांगितलंय, म्हणून १२ लिटरला ०.६ मिली. फार्मसीतली १ मिलीची सिरिंज याला उत्तम. तिच्यावर सीसी असेल तरी तेच. चमच्याने हे जमणार नाही.

'पाणी किती वाया घालवतोस' यावर घरी उत्तर तयार आहे: महिन्याचे ४८ लिटर म्हणजे नळाच्या मीटरवर ०.०४८ घनमीटर, आणि तेही माडाच्या बुंध्यात जातं.

पुढच्या खेपेला फॉस्फेटचं द्रावण. रोटालाची वरची पानं अजून फिकी आहेत. मला लोहाचा संशय येतो. जांभ्यात लोह भरपूर, पण दगडातलं पानाला मिळेलच असं नाही. तुमच्या टाक्यांत जांभा असेल तर पानांचा रंग कळवा.