किरकोळ भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग

महामार्गालगतच्या एका शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात मी परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) आहे. बसला आग लागून होरपळलेले प्रवासी आमच्याकडे आले, त्या रात्री एक तरुण अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) जराही डगमगली नाही. भाजलेल्या हातांवर शीर सापडेना, तेव्हा पायाची शीर शोधून ती सलाइन लावत राहिली, एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांच्या, नोंदी पूर्ण केल्या आणि पुढच्या पाळीला हँडओव्हर देऊनच घरी गेली.

महिना उलटून गेल्यावर एका दुपारी गरम चहा सांडून हात पोळलेला लहान मुलगा आला. दुखापत किरकोळ होती. ती अधिपरिचारिका ट्रे घेऊन जवळ गेली आणि तो किंचाळताच जागच्या जागी थिजली. ट्रेच्या कडेवर तिची बोटे पांढरी पडली होती आणि नावाने हाक मारली तरी तिला ऐकू जात नव्हते. ड्रेसिंग दुसरीकडे सोपवून मी तिला चेंजिंग रूममध्ये बसवले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “सिस्टर, मला तो जळका वास आला. इथे काही जळत नाहीये, हे कळतंय मला, तरी आला.” मग एकेक गोष्ट बाहेर आली: रात्री दचकून उठणे, बसने येणे सोडून देणे, घरच्यांवर विनाकारण चिडणे.

आमच्या मनोविकारतज्ज्ञांनी निदान केले, पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगाच्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार. 1980 पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत (डीएसएम) असलेल्या या विकाराच्या 2013 च्या निकषांत, कामाचा भाग म्हणून भीषण गोष्टींना वारंवार सामोरे जाणेही कारण म्हणून धरले आहे. आघातावर केंद्रित समुपदेशनाने तो बरा होऊ शकतो. मात्र घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून बळेच बोलते करू नये, हेही त्यांनी बजावले.

आम्हाला सुई टोचली की लगेच नोंद होते, रक्त तपासले जाते आणि गरज असल्यास 72 तासांच्या आत एचआयव्ही-प्रतिबंधक औषध सुरू होते. त्या अधिपरिचारिकेला मात्र “तू मन घट्ट कर” असे सांगण्यात आले. हीसुद्धा ड्युटीवर झालेली इजाच आहे, असे माझे ठाम मत आहे, म्हणून तिच्या रजेच्या अर्जात मी तसेच लिहायला लावले. “वैयक्तिक कारण लिहा” असा शेरा मारून कार्यालयाने तो परत पाठवला. मी तज्ज्ञांचे प्रमाणपत्र जोडून, कारणाचा एक शब्दही न बदलता तो अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) पुन्हा दिला आहे, आणि निर्णय होईपर्यंत तिच्या समुपदेशनाच्या वेळा सांभाळूनच ड्युटी चार्ट लावते आहे.