भिंतीच्या आतला पाऊस

सिएटलचा पाऊस रत्नागिरीपुढे काहीच नाही, असं मी इथे आल्यापासून सगळ्यांना सांगत आलेय आणि आजही सांगेन. इथे वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पडतो, आपल्याकडे तीन हजारांच्या पुढे. लांज्याच्या आमच्या घराने असे किती आषाढ अंगावर घेतले. तरीही सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या माझ्या लाकडी घराची एक अख्खी बाजू या उन्हाळ्यात उघडून नवी करावी लागली, मागचा डेक, म्हणजे घराला जोडलेला उघडा लाकडी ओटा, पाडून पुन्हा बांधावा लागला. खर्चाचा आकडा ऐकून मामा फोनवर म्हणाले, “अगो, तेवढ्यात इथं जांभ्याचं नवं घर उभं राहील. आणि भिंत कुजते कशी?”

प्रश्न रास्त होता. इथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. उभ्या खांबांवर बाहेरून लाकडाच्या चकत्या दाबून केलेले तक्ते ठोकतात, त्यावर पाणी अडवणारा कागद लावतात, आणि सगळ्यात बाहेर साइडिंग, म्हणजे एकीवर एक चढवलेल्या आडव्या फळ्या. पाऊस जोराचा नसतो, पण ऑक्टोबरपासून वसंत सरेपर्यंत बुरबुर चालूच राहते. ऊन आलं तरी कललेलं, उत्तरेच्या भिंतीला महिनोन्महिने न शिवणारं. त्यात भिंतीच्या पोकळीत उबेसाठी काचतंतूंचा कापूस ठासलेला, त्यामुळे घरातली ऊबही बाहेरच्या तक्त्यांपर्यंत पोचत नाही. आपल्याकडे चार महिने कोसळतो, पण मग ऑक्टोबरची काहिली येते आणि जांभा प्यालेलं सगळं पाणी सोडून देतो. इथे लाकडाला वाळायला सवडच मिळत नाही. ओलावा वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी लाकूड खायला लागते.

आणि हे मी अभिमानाने सांगते, कोकणातल्या जुन्या माणसांना हे सगळं कळत होतं. वळचण खाली उतरलेली, भिंतीला पडवीचा आडोसा, वैशाखात शाकारणी, पश्चिमेच्या झडीला झापं बांधलेली. इथे आमच्या आळीतल्या, नव्वदच्या दशकातल्या घरांना वळचण म्हणजे जेमतेम वीतभर. सीमेपलीकडे कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तर 1980-90च्या दशकांत वळचण नसलेल्या, गिलावा केलेल्या इमारतींच्या भिंती आतून कुजल्या आणि हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांची घरंच त्यांच्यावर कर्ज होऊन बसली. 1998 मध्ये त्या प्रांताचे माजी प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली त्याची चौकशी झाली. तेव्हापासून तिथे बाहेरचं आवरण आणि आतली भिंत यांच्यात किमान दहा मिलिमीटरची फट ठेवण्याची पद्धत आली, आत शिरलेलं पाणी खाली ओघळून जावं आणि वारा खेळावा म्हणून. श्रीमंत, शिकलेल्या शहराला हा धडा इतक्या उशिरा मिळाला, हे मला अजून पटत नाही.

पण माणसं निवडताना जे पाहिलं, त्याबद्दल मला लिहायचंय. कोटेशन द्यायला आलेल्यांपैकी एकाने भिंतीला हातही लावला नाही. उपग्रहाच्या फोटोवरून क्षेत्रफळ आधीच काढून आणलेलं, रंगांचं पुस्तक टेबलावर पसरलेलं, आणि आजच सही केली तर सूट. दुसऱ्याने तासभर एक शब्द काढला नाही. खिडक्यांचे खालचे कोपरे, डेक जिथे भिंतीला टेकतो ती रेघ, छपराची कड भिंतीत संपते ती जागा, एवढंच तो स्क्रूड्रायव्हरने टोचत फिरला. स्वयंपाकघराच्या दाराखाली ते पातं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेरून रंग धड होता. मग तो म्हणाला की दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या भिंतींना काही झालेलं नाही, त्या बदलू नका. स्वतःचं अर्धं काम त्याने स्वतःच कमी केलं. मी त्यालाच काम दिलं, आणि त्याची किंमत सगळ्यांत कमी नव्हती.

डेकची गोष्ट त्याहून मोठी. डेकचा घराकडचा सगळा भार एका आडव्या जाड फळीवर असतो, तिला लेजर बोर्ड म्हणतात. आमची ती फळी साइडिंगच्या वरूनच नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली होती. तिच्या आणि भिंतीच्या मधे पाणी शिरायचं आणि तिथेच राहायचं. इथे डेक पाहुण्यांसकट कोसळल्याच्या बातम्या येतात, त्यांत दोष बहुधा याच जोडाचा असतो. गणपतीत आमच्याकडे त्या डेकवर पंगत बसते, हे आठवून माझ्या पोटात गोळा आला.

नवं काम कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण सगळा जीव त्यातच आहे. साइडिंग कापून काढलं, कुजलेला भाग कोरड्या लाकडापर्यंत काढला, लेजर थेट घराच्या मूळ चौकटीला जाड बोल्टनी बसवला. त्यावर वाकवलेली पत्र्याची पट्टी, तिला फ्लॅशिंग म्हणतात. तिची वरची कड भिंतीच्या कागदाच्या आत, खालची कड लेजरच्या बाहेर. वरचं सगळं खालच्यावर चढलेलं, कौलं घालतात तसं. आणि पट्टीच्या खालच्या कडेला कॉल्क, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, लावायचं नाही. आधीच्या कुणी रंगाऱ्याने आमच्या खिडक्यांवरच्या पट्ट्यांची खालची फट कॉल्कने नीट बुजवून टाकली होती, दिसायला सुबक, आणि आत आलेलं पाणी तिथेच कोंडलेलं. स्क्रूसुद्धा स्टेनलेसचे, कारण 2004 पासून घरगुती वापराच्या लाकडावरच्या प्रक्रियेतलं आर्सेनिक गेलं, तांबं वाढलं, आणि ते तांबं साधे खिळे खातं. वरच्या फळ्या बसवण्याआधी शहराचा इन्स्पेक्टर येऊन बोल्ट बघून गेला. कठड्याच्या दांड्यांमधून चार इंचांचा गोळा जाता कामा नये, तेही त्याने नंतर पाहिलं. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून हा नियम. हे फोटो मी मामांना पाठवले. त्यांनी मोठे करून पाहिले आणि विचारलं, “वरची कड आत घेतलीन ना? मग ठीक आहे.” साइडिंग हा शब्द त्यांनी तोवर ऐकलेला नव्हता.

सिएटल ज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्याच्या ज्या गोष्टीचं मला मनापासून कौतुक वाटतं, ती काँट्रॅक्टरांची नोंद. कामगार आणि उद्योग खात्याच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की त्याची नोंदणी चालू आहे का, विमा आहे का, बॉण्ड, म्हणजे त्याने काम बिघडवलं किंवा पैसे थकवले तर भरपाईची हमी, आहे का, त्या बॉण्डवर कुणी दावा ठोकलाय का, सगळं फुकट दिसतं. घर बांधणाऱ्या जनरल काँट्रॅक्टरचा बॉण्ड जुलै 2024 पासून तीस हजार डॉलर्सचा केलाय, आधी बारा हजारांचा होता. पण तीस हजारांत सगळ्या दावेदारांचा वाटा, आणि नोंदणीसाठी इथे कामाची परीक्षा द्यावी लागत नाही. शेजारच्या ऑरेगनमध्ये निदान कायदा आणि व्यवहाराची परीक्षा तरी द्यावी लागते. त्यामुळे नोंद बघायचीच, आणि स्क्रूड्रायव्हरही बघायचा.

आपल्याकडे असलं काही नाही म्हणून नाकं मुरडणारी मंडळी इथल्या आपल्याच लोकांत भेटतात. मला ते आवडत नाही. आमच्या गवंड्याचं घर वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. छप्पर गळलं तर आई त्याच्या दारात जाऊन उभी राहते आणि तो येतो. मला इथे कुणाचं दार ठाऊक नाही, म्हणून राज्याने ठेवलेली ही नोंद मला लागते. ओळखीतून स्वस्तात, रोख घेऊन, परमिटशिवाय डेक करून देणारा माणूस मलाही सुचवला गेला होता. ज्या डेकवर दुसऱ्यांची मुलं धावणार आहेत तिथे मी पैसे वाचवले नाहीत. त्याला कुणी उधळपट्टी म्हणालं तर म्हणू दे.

इथे घर घेतलेल्यांसाठी एवढंच लिहून ठेवते. करारात लिहून घ्या की भिंत उघडल्यावर आत कूज निघाली तर बदललेल्या लाकडाचा दर काय. आमच्याकडे तो आधी ठरला होता म्हणून वाद झाला नाही. प्रत्येक थर झाकण्याआधी फोटो मागा. काँट्रॅक्टरने लाकूडवाल्याचे पैसे थकवले तर तो लाकूडवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो, म्हणून शेवटचा चेक देताना सगळ्यांची देणी मिटल्याचे लेखी कागद हातात घ्या. आणि फोन जानेवारीतच करा. कोरडे महिने जुलै ते सप्टेंबर, चांगल्या माणसांचे ते दिवस वसंतातच भरून जातात. उत्तरेची भिंत पुढच्या वर्षी करायची आहे, तिच्यासाठी मी त्यालाच सांगून ठेवलंय.