नखाएवढ्या त्रिकोणासाठी ४६ दिवस

अल्फा रोमिओ १५५ व्ही६ टीआय. १९९३ साली ही गाडी जर्मनीच्या डीटीएम या टूरिंग कारच्या शर्यतमालिकेत उतरली आणि पहिल्याच वर्षी निकोला लारिनी तिच्यावर चॅम्पियन झाला. मी मात्र लारिनीची ८ नंबरची नाही, तर अलेस्सांद्रो नानिनीची ७ नंबरची गाडी करायला घेतली, प्लॅस्टिकच्या मॉडेलची. नानिनी १९८९ची फॉर्म्युला वनची जपान ग्रां प्री जिंकलेला माणूस. पुढच्याच वर्षी हेलिकॉप्टरच्या अपघातात त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला. डॉक्टरांनी तो जोडला, आणि हा गडी तोच हात घेऊन टूरिंग कारमध्ये परत आला. अशा माणसाची गाडी सोडून दुसऱ्याची कोण करेल?

किट (जोडायचे सुटे भाग) जपानी, प्रमाण १:२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं. तयार गाडी साधारण १९ सेंटिमीटरची. एका ओळखीच्या गृहस्थांच्या माळ्यावर ती वर्षानुवर्षं पडून होती, स्वस्तात मिळाली. चॅसिस, चाकं, आतला पिंजरा दोन रविवारांत उरकलं, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. रंगाचंही बरं झालं. फक्त एक : लाल रंग करड्या प्रायमरवर मारू नका, विटकरी दिसतो. खाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर द्या, मग लाल कसा पेटतो बघा. आणि बॉडी आधी भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातून सुटायला लावलेलं तेल प्लॅस्टिकवर राहतं आणि रंग त्यावर धरत नाही.

खरी माती खाल्ली ती डेकलवर.

पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची ती पातळ चित्रं म्हणजे डेकल. माझ्या किटमधली पिवळी पडली होती. त्यावर उपाय आहे : शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायची, चित्रं उन्हाकडे करून. आमच्या डोंबिवलीच्या पश्चिमेच्या खिडकीत ती दोन आठवडे लटकली. आई रोज विचारायची, "हे कसलं वाळवण?" पिवळेपणा बराच उतरला. मी खूश. घाई तिथेच नडली.

पहिलंच डेकल मी घेतलं ते चार पानांचं. अल्फाच्या रेसिंग गाड्यांवर पांढऱ्या त्रिकोणात हिरवं चार पानांचं चिन्ह असतं, ते. १९२३ साली अल्फाचा ड्रायव्हर उगो सिव्होचीने ते आपल्या गाडीवर काढलं आणि टार्गा फ्लोरिओ ही सिसिलीतली शर्यत जिंकली. त्याच वर्षी मोंझाच्या ट्रॅकवर नव्या गाडीची चाचणी घेताना तो गेला, आणि त्या गाडीवर म्हणे चिन्ह काढायचं राहिलं होतं. आधी पांढरा चौकोन असायचा. सिव्होची गेल्यावर त्याचा एक कोपरा कमी करून त्रिकोण केला, असं सांगतात. माझ्या त्रिकोणाचाही एक कोपरा कमी झाला. वाटीतल्या पाण्यात तीस सेकंद ठेवून उचलला, तर त्याचे चार तुकडे. तीन सापडले. चौथा वाटीबरोबर बेसिनमध्ये ओतला गेला.

जुन्या डेकलची फिल्म ठिसूळ होते, हे मला आधी माहीत असायला हवं होतं. पाण्यात घालण्याआधी अख्ख्या शीटवर क्लिअर (पारदर्शक) लॅकरचा हलका हात मारायचा, म्हणजे फिल्म धरून राहते. (मग मात्र प्रत्येक चित्र अगदी कडेने कापावं लागतं, कारण सगळी शीटच एक फिल्म झालेली असते.) आणि पहिली चाचणी नको असलेल्या एखाद्या फालतू स्टिकरवर घ्यायची, चार पानांवर नाही. बाकी सगळी डेकल मी अशीच वाचवली. दारावरचा ७ तर दाराच्या फटीत सॉफ्टरने (डेकल मऊ करणाऱ्या द्रवाने) असा बसला की रंगवल्यासारखा वाटतो.

पण त्रिकोण गेला तो गेलाच. तो सुटा मिळत नाही, पूर्ण शीटच घ्यावी लागते. युरोपातल्या एका विक्रेत्याकडून मागवली. कागदाचं एक पाकीट, आमच्या लग्नपत्रिकेपेक्षाही हलकं.

पाकीट आठ दिवसांत मुंबईत आलं आणि मग एका सरकारी कार्यालयात जाऊन बसलं. कार्यालयाचं नाव घेत नाही, उद्या परत तिथेच जायची वेळ यायची. ट्रॅकिंगवर रोज तेच वाक्य : कस्टमने रोखून धरले. बाराव्या दिवशी पत्र आलं. ओळखपत्र, बिल आणि वस्तूचा उपयोग काय ते लिहून पाठवा. पाठवलं. एकविसाव्या दिवशी पुन्हा तेच पत्र, अगदी शब्दन् शब्द. पुन्हा पाठवलं. फोन केला तर तो नुसता वाजत राहायचा. चौतिसाव्या दिवशी अर्धी रजा टाकून लोकल पकडली.

पहिल्या खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "काय आहे आत?"

"डेकल."

"म्हणजे?"

"स्टिकर. पाण्यातले."

त्यांनी 'छापील साहित्य' असं लिहिलं आणि मला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. तिथल्या साहेबांनी पाकीट हलवून पाहिलं, जणू आत काही खुळखुळणार होतं. "गाडीचे आहेत ना? मग हा खेळण्याचा भाग झाला. छापील साहित्य कसं?" परत पहिल्या खिडकीवर. त्यांचं जेवण. मी बाहेर दोन वडापाव खाल्ले आणि आलो. मग दोन्ही साहेबांनी ते पाकीट मध्ये ठेवून एकमेकांना नियम सांगितले. मी तिथे नसल्यासारखाच. शेवटी "मोठ्या मॅडम सोमवारी येतील," असं ठरलं.

सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी मॅडम भेटल्या. त्यांनी पाकीट फोडलं, शीट ट्यूबलाइटसमोर धरली. बोटाएवढी नावं, आकडे, त्रिकोण. "एवढ्यासाठी डोंबिवलीहून दोनदा आलात?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. चार मिनिटं लागली असतील. जो काही कर भरला तो माझ्या दोन वडापावांपेक्षाही कमी होता. राग करावरचा नाहीच. ही चार मिनिटं पहिल्याच आठवड्यात का नाही मिळाली, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी आलो तर नवीन शीटचा पांढरा इतका शुभ्र की जुन्या डेकलशेजारी चमकायला लागला. त्यामुळे तिच्यातून फक्त त्रिकोण काढला. ऑर्डर दिल्यापासून तो लाल बॉडीवर बसेपर्यंत ४६ दिवस. बसला तेव्हा आईला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "हा कुठला? काल नव्हता का?"

वरचा क्लिअर मी लगेच मारून टाकला, मेमधली कोरडी दुपार बघून. जूननंतर आमच्याकडे लॅकर मारलं की हवेतला दमटपणा ओल्या थरावर बसतो आणि गाडी दुधाळ होते. ती चूक मी मागच्या गाडीवर करून बसलोय. तुटलेल्या त्रिकोणाचे तीन तुकडे फेकवेनात. ते चॅसिसच्या खालच्या बाजूला चिकटवलेत, गाडी उलटी केल्याशिवाय दिसत नाहीत.

आणि हो, परदेशातून काही मागवलंत तर विक्रेत्याला सांगा, बिल पाकिटाच्या बाहेर पारदर्शक पिशवीत लावा आणि त्यावर साध्या शब्दांत लिहा : प्लॅस्टिकच्या मॉडेलसाठी कागदी स्टिकर, एक नग. 'डेकल' हा शब्द तेवढा टाळायला सांगा.